लास पिन्यासचा बांबू ऑर्गन आणि मधली दीडशे वर्षं

ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे संगीत नाटकातली पायपेटी डोळ्यांपुढे येते. तिच्यात पितळी पट्ट्या वाजतात. चर्चमधल्या पाइप ऑर्गनचं तसं नाही. तिथे सुरासुराची नळी वेगळी. भात्याची हवा शिरली की ती नळी बोलते. फिलिपिन्सवर 1565 ते 1898 स्पेनची सत्ता होती आणि त्या काळात तिथल्या चर्चमध्ये अशी अवाढव्य वाद्यं उभी राहिली. त्यांतलं सर्वांत नावाजलेलं मनिलाजवळच्या लास पिन्यास गावी आहे.

ते बांधणारे फादर दिएगो सेरा मूळचे स्पेनच्या अरागॉन प्रांतातले. 1795 मध्ये ते या गावचे पाद्री झाले. आधी दगडी चर्च बांधायला घेतलं आणि 1816 मध्ये ऑर्गनला हात घातला. नळ्यांसाठी निवडला बांबू. कापलेले बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले, म्हणजे पुढे कीड लागू नये. गरिबीमुळे बांबू वापरला, असं सहज म्हटलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. पैसा वाचला असेलही, पण नुसत्या काटकसरीसाठी कोणी आठ वर्षं खपत नाही. शिवाय बांबू कुठे कमी पडतो हेही सेरांना कळत होतं. 1821 मध्ये वाद्य वाजू लागलं, ते ट्रम्पेटच्या, म्हणजे तुतारीसारखा आवाज देणाऱ्या, नळ्यांविनाच. तो खणखणीत आवाज बांबूतून निघेना, तेव्हा त्या नळ्या धातूच्या केल्या आणि 1824 मध्ये काम पुरं झालं. एकूण नळ्या 1,031. त्यांतल्या 902 बांबूच्या. ट्रम्पेट स्पॅनिश रिवाजाप्रमाणे आडवे, थेट श्रोत्यांवर रोखलेले. पक्ष्यांची किलबिल काढणारी सोयही आहे!

सेरा 1832 मध्ये वारले. भूकंप आणि वादळं तर चालूच होती; 1880 च्या दशकातल्या तडाख्यांनंतर ऑर्गन बरीच वर्षं मुका होता. मोडलेलं वाद्य दुरुस्त करता येतं, पण ते जाणणारे हात नसले की पंचाईत होते. तिथल्या ऑर्गन बांधणीचं नेमकं हेच झालं. युद्धात उद्ध्वस्त झालेलं मनिलाचं कॅथेड्रल 1958 मध्ये पुन्हा उभं राहिलं, तेव्हा त्याचा ऑर्गन नेदरलँड्सहून आणावा लागला. बांबू ऑर्गनही 1973 मध्ये खोलून जर्मनीतल्या बॉनला, क्लाइस यांच्या कारखान्यात धाडला. तिथल्या कोरड्या थंडीत बांबू तडकू नये म्हणून खास खोलीत फिलिपिन्ससारखी उबदार, दमट हवा राखली होती. 1975 मध्ये तो गावी परतला आणि पुढच्या वर्षापासून दर फेब्रुवारीत त्याचा संगीत महोत्सव भरू लागला.

त्यातूनच धागा पुन्हा जुळला. सील्विन तागले या तरुणाने युरोपात जाऊन हे काम शिकून घेतलं आणि 1994 मध्ये लास पिन्यासमध्येच सेरांच्या नावाने कारखाना काढला. बोहोल बेटावरच्या चर्चमधले जुने ऑर्गन याच कारखान्याने दुरुस्त केले. नवे ऑर्गनही आता तिथे बांधले जातात.