धोका आणि जोखीम: रजिस्टरमधली जुनी गल्लत

कारखान्याचं रिस्क असेसमेंटचं रजिस्टर, म्हणजे कशाने इजा होऊ शकते आणि त्यावर उपाय काय याची नोंदवही, हातात आलं की मी आधी 'धोका' हा रकाना वाचतो. तिथे हमखास एक ओळ भेटते: 'हेल्मेट न घालणे'. तिच्याखाली 'कामगाराचा निष्काळजीपणा', त्याखाली 'प्रशिक्षणाचा अभाव'. यातला एकही धोका नाही. वर्षानुवर्षं एका रजिस्टरमधून दुसऱ्यात उतरवून घेतलेल्या या ओळी बघून आता माझा संयम संपलाय.

धोक्याचे प्रकार तुम्हाला पाठ असतील: यांत्रिक, विजेचे, रासायनिक, जैविक, आवाज-उष्णता-कंपनाचे, उचलण्या-वाकण्यातून येणारे, मानसिक ताणाचे. धूळ भौतिक गटात घालायची की रासायनिक, यावर पाऊण तास चाललेली बैठक मी बघितली आहे. कुठेही घाला हो, फुफ्फुसाला तुमच्या रकान्याशी काही देणंघेणं नसतं.

माणसं अडकतात ती धोका आणि जोखीम या जोडीत. इजा करायची ताकद ज्या वस्तूत, पदार्थात किंवा स्थितीत आहे तो धोका: फिरती चकती, ॲसिड, क्रेनला लटकलेला माल, दाबाखालची हवा. त्याच्याशी माणसाची गाठ पडायची शक्यता किती आणि पडली तर इजा केवढी, हे दोन्ही मिळून जोखायचं ती जोखीम.

थोडा दोष आपल्या बोलण्याचाही आहे. 'मी धोका पत्करला' म्हणतो तेव्हा आपण खरं तर जोखीम पत्करलेली असते. उलट जुनी माणसं दागिने घालून प्रवासाला निघताना म्हणायची, 'अंगावर जोखीम आहे.' तेच दागिने तिजोरीत असले की त्यांच्याबद्दल असं कोणी बोलत नसे. सोनं तेच, जागा बदलली की घोर बदलतो. सेफ्टीच्या वर्गात तास-दोन तास शिकवतात ते या एका वाक्यात बसलेलं आहे.

आता हातातला ग्राइंडर घ्या. ४ इंची, ११,००० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणारा. १०० मिलिमीटरच्या चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. हा धोका. गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) जागेवर, दोन्ही हात मुठीवर, समोर कोणी उभं नाही, तर जोखीम आटोक्यात. कोपऱ्यात हात पोचत नाही म्हणून गार्ड काढला, तर धोका होता तेवढाच राहिला, जोखीम मात्र चढली. आणि कोणीतरी जुगाड करून त्याच मशीनवर ७ इंची चकती बसवली, तर? आता धोकाच बदलला. तिची कड ताशी ३७० किलोमीटरच्या घरात गेली, आणि त्या मापाच्या चकतीवर मर्यादा छापलेली असते साधारण ८,५०० आरपीएमची. गार्ड काढणं आणि मोठी चकती लावणं या दोन चुका रजिस्टरात 'असुरक्षित वापर' या एकाच ओळीत कोंबलेल्या असतात. पहिलीवर उपाय म्हणजे गार्ड परत लावणे. दुसरीवर गार्ड हा उपायच नाही, चकती उतरवावी लागते.

ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. मनातल्या मनात सगळ्यांना सुट्टी द्या आणि शेड रिकामी करा. मागे ज्यात इजा करायची ताकद उरली, तो धोका. ॲसिडचा पिंप उरतो, लटकलेला माल उरतो, लाइनमधला दाब उरतो. 'हेल्मेट न घालणे' मात्र माणसाबरोबर घरी जातं. (उचलण्या-वाकण्याच्या कामाला आणि ताणाला ही कसोटी लागत नाही, कारण तिथे धोका कामाच्या रचनेतच असतो. पण रजिस्टरातल्या बहुतेक चुका ती पकडते.)

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे आकड्यांचा खेळ. रजिस्टरात शक्यतेला आणि इजेच्या तीव्रतेला वेगवेगळे आकडे द्यायचे असतात. पत्रा दाबणाऱ्या प्रेसला इंटरलॉक, म्हणजे झाकण उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय, बसवला की शक्यतेचा आकडा खाली येतो, हे बरोबर. पण लोक त्याच झटक्यात तीव्रताही ५ वरून २ वर आणतात. का? इंटरलॉक निकामी झाला आणि हात डायमध्ये (साच्यात) सापडला, तर तो आधीइतकाच चिरडणार. तीव्रता खाली आणायची असेल तर धोक्यालाच हात घालावा लागतो: वेग कमी, दाब कमी, साठा कमी, नाहीतर तो पदार्थच बदलायचा.

साठ्यावरून भोपाळ आठवणं अटळ आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री ज्या टाकीतून वायू सुटला, तीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होतं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती आणि सुटलेला वायू जाळणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. ही सगळी साधनं जोखीम खाली ठेवणारी. ती बंद असतानाही ४० टनांचा धोका जागच्या जागी उभा होता. साठा थोडा असता तर या बंद यंत्रणांची किंमत एवढी पडली नसती. म्हणून मी उपाय सुचवताना आधी 'हे इथे एवढं हवंच कशाला' असं विचारतो आणि हातमोज्यांवर शेवटी येतो. खरेदी विभागाला उलटा क्रम आवडतो, कारण हातमोजे स्वस्त.

उलट्या बाजूची चूकही तेवढीच नेहमीची: दिसत नाही, आजवर काही झालं नाही, म्हणून धोका नाही. एका कारखान्यात लोखंडी टाकीच्या नावापुढे 'रिकामी, धुतलेली. धोका: नाही' असं लिहिलेलं मी वाचलंय. बंद टाकीत आतला पत्रा गंजत असतो आणि गंज हवेतला ऑक्सिजन खातो. बाहेर २०.९ टक्के असलेला ऑक्सिजन आत किती उरलाय हे नाकाला कळत नाही. गाळणीचा मास्क लावून उतरलात तरी फायदा शून्य, कारण तो हवा गाळतो, ऑक्सिजन बनवत नाही. त्या ओळीत धोका म्हणून 'ऑक्सिजन कमी असलेली हवा' असं लिहायला हवं होतं. जोखीम ठरते मीटरवर: आत जायच्या आधी नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायचं, आणि १९.५ टक्क्यांच्या खाली कुठेही आकडा दिसला तर परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवान्यावर, सही करायची नाही.