गोव्यात १५ वर्षं राहिल्याशिवाय मत देता येत नाही?

सावंतवाडीहून नोकरीसाठी म्हापशात आलेल्या कितीतरी जणांना हेच सांगितलं जातं. ते खरं नाही. १५ वर्षांची अट आहे ती सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या रहिवासी दाखल्याची. मतदार यादीशी तिचा काही संबंध नाही. १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा बघतो तो तुमचा नेहमीचा मुक्काम, मग खोली भाड्याची का असेना. उलट, नुसता फ्लॅट नावावर आहे म्हणून यादीत नाव लागत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसतं. वय १८ पूर्ण हवं. पहिलीच नोंदणी असेल तर अर्ज क्रमांक ६. सिंधुदुर्गात आधीच नाव असेल तर ८ भरून ते इकडे आणा. दोन्हीकडे नाव ठेवायला कायद्याने मनाई आहे.