आत्याबाईंची अर्धी गोळी

परभणीच्या आमच्या आत्याबाईंच्या चंचीत पान, चुना, कात, सुपारी आणि डायझेपाम या झोपेच्या गोळीची पट्टी असते. रात्री जेवण झालं की अडकित्त्यानं आधी सुपारी कातरायची, मग त्याच अडकित्त्यानं ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे दोन तुकडे करायचे. “पुरी कुठं घेती रे, अर्धीच तर घेती,” हे मी सहा वर्षं ऐकत आलोय.

आत्याबाईंचं वय ७८. अंगातलं डायझेपाम निम्म्यावर यायला विशीतल्या माणसाला साधारण २० तास लागतात. पुढं हा काळ लांबत जातो. ढोबळ हिशेब असा, की जितकं वय तितके तास. म्हणजे सोमवारी रात्रीची अर्धी शुक्रवारी पहाटे कुठं निम्मी होणार! तोवर मंगळ, बुध, गुरुवारच्या अर्ध्या तिच्यावर येऊन पडलेल्या. असं साठत दोन-अडीच आठवड्यांत अंगात जवळपास पाच अर्ध्यांइतकं औषध मुक्कामाला येतं. अडीच गोळ्या! शिवाय यकृतात त्याचं जे रूपांतर होतं, तेही गुंगी आणणारंच आणि आणखी रेंगाळणारं. सकाळी न्हाणीत आत्याबाईंचा तोल गेला, तेव्हा घरादारानं दोष दिला तो फरशीला.

मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं. त्याला चारीवरचा पाटकरी समजा. तो चेतापेशीवरचं दार उघडतो, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. बार्बिट्युरेटं नावाची जुनी झोपेची औषधं हे दार जास्त वेळ उघडं धरत. मात्रा वाढली तर पाटकऱ्याशिवायही उघडत, म्हणून ती जीव घेत. १९६३ मध्ये बाजारात आलेलं डायझेपाम दाराला हात लावत नाही, ते फक्त पाटकऱ्याला घाई करतं. दार वरचेवर उघडतं, एवढंच. एकट्या डायझेपामनं श्वास थांबणं त्यामुळं विरळा. सोबत दारू असली की हा भरवसा संपला.

दारूवरून आठवलं. आपल्या देगलूर-धर्माबादच्या पलीकडं, तेलंगणात, शिंदीत अल्प्राझोलम मिसळल्याची प्रकरणं कितीदा तरी पकडली गेलीत. ते याच कुळातलं, पण ११-१२ तासांत निम्मं उतरणारं. २०२० च्या टाळेबंदीत शिंदीची दुकानं बंद झाली आणि हैदराबादच्या मनोरुग्णालयात माणसं येऊ लागली. कुणाला कापरं, कुणाला भास, कुणाला फिट. रोजच्या औषधाला सरावलेला मेंदू गाबाला पूर्वीसारखी दाद देत नाही. औषध एकदम तुटलं की लगामच सुटतो.

हे ऐकून भाच्यानं आत्याबाईंची पट्टी उचलून फेकायला घेतली होती. डॉक्टरांनी त्यालाच झापलं. आता दर काही आठवड्यांनी मात्रा थोडी थोडी उतरवायची, असं ठरलंय. सध्या पाव चालू आहे. गोळीचे चार सारखे तुकडे अडकित्त्यानं होत नाहीत, अशी आत्याबाईंची तक्रार आहे.