पंचगंगेतला गाळ: एका शब्दाचा घोळ

२०१९ च्या महापुरानंतर कोल्हापुरात ‘पंचगंगेतला गाळ काढा’ ही मागणी जोरात आली, २०२१ ला पुन्हा आली. हा गाळ मुळात येतो कुठून?

सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पाऊस तो झिजवतो. जुनं एवढंच पुरे. गगनबावडा-राधानगरीकडच्या तीव्र उतारावर ओढे गोटेसुद्धा गडगडत आणतात. प्रयाग चिखलीला हे प्रवाह एकत्र येऊन पंचगंगा होते; तिथून पुढं नदी सपाटीला लागते, वळणं घेते. वेग मोडला की जड ते आधी बसतं: गोटे, मग वाळू. बारीक पोयटा पाण्याबरोबर जातो आणि पूर शिवारात पसरून संथ झाला की खाली बसतो. नदीकाठच्या मळीच्या जमिनी अशाच तयार झाल्या.

पुढं माणसाचा हात लागला. संस्थानकाळात सुरू झालेल्या राधानगरी धरणानं भोगावती या उपनदीची वाळू वरच अडवली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत मात्र पावसाळ्याआधी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढतात, म्हणजे पुराबरोबर गाळही निघून जातो. जुन्या लोकांना नदी कळत होती.

घोळ आहे तो ‘गाळ’ या शब्दात. २०१७ ला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि गाळ काढणं म्हणजे पुण्यकर्म झालं. पण तो गाळ धरण-तलावांतला, शेतात पसरायचा. नदीच्या तळातला ‘गाळ’ बऱ्याचदा वाळू निघते, आणि वाळू म्हटलं की लिलाव, परवाने, रात्रीचे डंपर. म्हणून एकाला त्यात पुरावरचा उपाय दिसतो, दुसऱ्याला वाळूउपशाची पळवाट. दुसऱ्याची शंका मला अगदीच गैर वाटत नाही. शिवाय नरसोबावाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णेची फूग (चढलेल्या पाण्याचा मागं येणारा तुंब) असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. पाणी थांबतं तिथं गाळही थांबतो. तळ खोदून ती फूग उतरत नाही, आणि खोदलेला खड्डा पुढचे पूर भरून टाकतात. जिथं भराव टाकून पात्र आवळलंय तिथली गोष्ट वेगळी. तो भराव काढावाच, पण त्याला कुणी गाळ म्हणू नये.

२०१९ ला कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३. पूर ओसरल्यावर आडव्या उसाच्या पाल्यावर राखाडी थर वाळून भेगाळला होता. बांधाजवळ तो चार बोटं भरला. चिमटीत चोळला तर वाळूचा कणही लागत नव्हता.