बिबट्या वाचवला, आता सोडायचा कुठे? नाशिकमधल्या वन्यजीव बचावाची पार्श्वभूमी

ऊसतोड सुरू झाली की निफाड, दिंडोरी, सिन्नर भागांतून ठरावीक बातम्या येऊ लागतात. फडात बछडे सापडले, बिबट्या विहिरीत पडला, रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसून जखमी झाला. अशा वेळी वनखात्याला फोन जातो. पिंजरा, जाळी, भुलीची बंदूक घेऊन गाडी निघते. आज हे सवयीचं वाटतं, पण ही घडी बसायला बरीच वर्षं गेली आणि तिची किंमत माणसांनी मोजली, तशीच बिबट्यांनीही.

इंग्रजी अमलात बिबट्या मारणाऱ्याला सरकार इनाम देत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. आज बिबट्या या कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही, पिंजऱ्यातही धरता येत नाही.

दरम्यान जिल्ह्याची जमीनच बदलत गेली. 1916 मध्ये दारणा धरण झालं, 1965 मध्ये गंगापूर. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा त्याआधीचा. कालव्यांचं पाणी गोदाकाठी पोहोचलं तशी बाजरीच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत गारवा, जवळ पाट, वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. मादी तिथेच वितते. इथल्या कितीतरी बिबट्यांचा जन्म उसातच झाला आहे, हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. ‘जंगलातून आलेला प्राणी जंगलात नेऊन सोडा’ ही मागणी म्हणूनच मुळात चुकते.

नेमकी हीच मागणी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वनविभागात मान्य झाली होती. 2001 ते 2003 या काळात तिथे शंभराच्या आसपास बिबटे पकडले गेले आणि त्यांतले बरेचसे दूरच्या जंगलांत सोडले गेले. बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेलेले दिसले. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात बिथरलेला प्राणी परतीची वाट शोधू लागतो, आणि त्याने सोडलेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येऊन राहतो.

परतीच्या वाटेचं सर्वांत बोलकं उदाहरण नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं आहे. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला अभ्यासकांनी ‘आजोबा’ नाव दिलं, गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर बांधली आणि माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या परिसरात गेला. वाटेत शेतं, रूळ, वस्त्या लागल्या, पण त्याने कुणालाही इजा केली नाही. 2011 मध्ये वाहनाच्या धडकेत तो गेला.

त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नका, आणि पकडावाच लागला तर धडधाकट जनावर जवळपासच सोडा, असा त्यांचा रोख होता. नाशिकमध्ये याचं सर्वांत चांगलं रूप बछड्यांच्या बाबतीत दिसतं. पिल्लं आईजवळ दीड-दोन वर्षं राहून शिकार शिकतात. माणसाच्या हातावर वाढलेलं पिल्लू पुढे सोडता येणं फार अवघड. म्हणून तोडणीत सापडलेले बछडे तपासून, ओळखीसाठी मायक्रोचिप बसवून, संध्याकाळी त्याच जागी उघड्या क्रेटमध्ये ठेवतात. ट्रॅप कॅमेरे लावून सगळे मागे सरतात. मादी बहुधा रात्रीच येते आणि एकेकाला तोंडात धरून नेते. 2020 च्या ऑगस्टमध्ये इगतपुरीजवळ एका झोपडीत मादीने चार पिल्लं घातली, तेव्हाही त्यांना तिच्यापासून तोडलं गेलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासात अभिमान वाटावा अशी गोष्ट हीच.

मोठ्या जनावराचं काम अधिक जोखमीचं. विहिरीत पडलेल्याला आधी टेकायला दोरांवर बाज सोडतात, मग पिंजरा किंवा शिडी. भुलीच्या बंदुकीचा डार्ट लागल्यावर भूल चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात जमावाच्या आरडाओरड्याने बिथरलेला बिबट्या कुणावरही झेपावू शकतो. जानेवारी 2019 मध्ये नाशिक शहरातल्या सावरकरनगरात लोक जखमी झाले ते अशाच गर्दीत. पिंजऱ्याच्या गजांवर दात मारून सुळे तुटले तर त्या जनावराला शिकार जड जाते आणि सुटकेचा मार्ग तिथेच बंद होऊ शकतो. पूर्वी पकडलेले बिबटे गंगापूरच्या रोपवाटिकेत ठेवून बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात किंवा जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रात पाठवत. आता नाशिकमध्येच म्हसरूळला उपचार केंद्र आहे, त्यामुळे जखमी जनावराचा लांबचा प्रवास टळू शकतो.

संक्रांतीला पक्ष्यांची पाळी येते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी घारी, बगळे, घुबडं अजून कापली जातात. पंखाची जखम भरली, तरी मोठ्या जाळीत उडवून ताकद आजमावल्याखेरीज पक्षी सोडता येत नाही.

बिबट्याचा प्रश्न मात्र उपचारांवर थांबत नाही. 2020 मध्ये दारणाकाठच्या गावांत हल्ल्यांत माणसं गेली. ज्या घरातलं मूल गेलं, त्यांच्यापुढे जुन्नरची आकडेवारी मांडणं निर्दयपणाचं ठरेल. तिथे पिंजरे लागले आणि ते लागायलाच हवे होते. पण अशा प्रत्येक घटनेनंतर भोवतालच्या गावांत कोणताच बिबट्या परत सोडू द्यायचा नाही असं ठरतं आणि विहिरीतून काढलेला निरपराध नरही महिनोन्‌महिने पिंजऱ्यात अडकतो. 2025 मध्ये शिरूर-जुन्नर भागातल्या मृत्यूंनंतर बिबट्यांच्या नसबंदीचा पर्याय पुढे आला. त्याचा परिणाम दिसायला वर्षं लागतील. तोवर मळ्यातल्या विहिरींना कठडे, शेळ्यांना बंदिस्त गोठे आणि रात्री पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज, एवढं तरी जिल्ह्यात ताबडतोब होऊ शकतं.