आवाज फुटणे

आवाज फुटणे : पौगंडावस्थेत मुलाचा किनरा आवाज उतरून पुरुषी, भरदार होण्याची क्रिया. हिलाच कंठ फुटणे असेही म्हणतात. नावात ‘फुटणे’ असले तरी मोडतोड कशाचीच होत नाही. पालवी फुटते, मिसरूड फुटते, त्यातलेच हे फुटणे.

मुलगा वयात येऊ लागला हे घरच्यांना बहुधा आवाजावरूनच कळते, पण ती पहिली खूण नव्हे. पहिली खूण म्हणजे वृषणांची वाढ. ती साधारण 9 ते 14 या वयात केव्हाही सुरू होते आणि सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढत्या प्रमाणात स्रवू लागले की हळूहळू बाकीचे बदल दिसू लागतात. उंची झपाट्याने वाढते, ऐन भरात वर्षाला 9-10 सेंटिमीटरसुद्धा. याच धामधुमीत, बहुतेकांच्या बाबतीत 12 ते 15 या वयात, आवाज घोगरा व्हायला लागतो.

स्वरयंत्राची पुढची भिंत म्हणजे अवटू कूर्चा, एक लवचीक, मऊ हाड. तिच्या दोन पाती पुस्तकाच्या उघड्या पानांसारख्या समोर एकत्र येतात. स्त्रियांमध्ये हा कोन सुमारे 120 अंशांचा असतो, तर पुरुषांमध्ये तो आवळून 90 अंशांच्या आसपास येतो. हे टोक गळ्यावर पुढे आलेले दिसते, तोच कंठमणी. कूर्चा पुढे वाढली की तिच्या आत पुढून मागे ताणलेल्या स्वररज्जू, म्हणजे कंप पावून आवाज काढणाऱ्या पट्ट्या, त्याही लांबतात आणि जाड होऊन सावकाश कंप पावतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी 17 ते 25 मिलिमीटर भरते. तंबोऱ्यात खर्जाची तार जाड असते, ती याच न्यायाने. लहानपणी सेकंदाला सुमारे 250 वेळा कंप पावणाऱ्या स्वररज्जू आता 120 च्या आसपास येतात, म्हणजे आवाज जवळजवळ एक सप्तक खाली जातो. आवाज मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन अर्धस्वरच, त्यामुळे तो कुणाला जाणवत नाही. शिवाय मुलांचे स्वरयंत्र मानेत खाली सरकते, वरची पोकळी लांबते आणि आवाजाला घुमारा येतो.

अवघड काळ असतो तो मधला. वर्गात धडा वाचताना अर्ध्या वाक्यात आवाज चिरकतो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. फोन उचलला की पलीकडचा माणूस कधी आई समजतो, कधी वडील. यात मुलाची चूक काहीच नसते. किती ताण दिला की कोणता सूर लागतो, हा हिशेब मेंदूने जुन्या, आखूड स्वररज्जूंवर बसवलेला असतो. वाद्य बदलले, हात मात्र जुनाच. त्यातच स्वररज्जू मागच्या बाजूला नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज भसाडा लागतो. काही महिन्यांत बहुतेकांची घडी बसते, काहींना वर्षभराहून जास्त वेळ लागतो. गाणाऱ्या मुलांनी या दिवसांत गाणे सोडायचे कारण नाही, मात्र वरच्या सुरांसाठी गळा ताणू नये.

टेस्टोस्टेरॉनच मिळाले नाही तर काय होते, याचा क्रूर दाखला युरोपच्या संगीतात आहे. वयात येण्याआधीच खच्ची केलेल्या मुलांचे स्वरयंत्र लहानच राही आणि मोठेपणीही ते उंच पट्टीत गात. त्यांना कास्त्राती म्हणत. त्यांच्यापैकी आलेस्सांद्रो मोरेस्की (1858–1922) या गायकाचा आवाज 1902 आणि 1904 मध्ये ध्वनिमुद्रित झाला, तो आजही ऐकता येतो.

वयाच्या 14 व्या वर्षापर्यंत वयात येण्याची एकही खूण दिसली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. क्वचित असेही होते की कंठ पूर्ण वाढलेला असतो, पण मुलगा सवयीने वरच्याच पट्टीत बोलत राहतो. यावर औषध लागत नाही. वाणी-उपचारतज्ज्ञ त्याला आधी नुसते खोकायला सांगतात. खोकताना कुणी पट्टी निवडत नाही, त्यामुळे खालचा आवाज आपसूक बाहेर पडतो. मग तोच धरून शब्दांपर्यंत आणायचा.