कपकेकमध्ये काय असते आणि तो किती खावा

एका कपकेकमध्ये कॅलरी किती, हे आमचे ग्राहक नेहमी विचारतात, आणि ते विचारायलाच हवे. नुसता आकडा सांगण्यापेक्षा आमच्या साध्या व्हॅनिला कपकेकचे प्रमाणच इथे देतो, म्हणजे तो आकडा कुठून येतो ते कळेल.

एका घाण्यात बारा कपकेक होतात. त्यासाठी मैदा, साखर आणि बटर प्रत्येकी १२० ग्रॅम आणि दोन अंडी लागतात. म्हणजे एका कपकेकच्या वाट्याला दहा-दहा ग्रॅम मैदा, साखर व बटर आणि अंड्याचा सहावा हिस्सा. या नुसत्या केकच्या साधारण १६० कॅलरी होतात. त्यावरचे बटरक्रीम एक भाग बटर आणि दोन भाग आयसिंग शुगर असे फेटलेले असते. एका कपकेकवर सुमारे ३० ग्रॅम क्रीम बसते. त्यात १० ग्रॅम बटर, २० ग्रॅम साखर आणि जवळजवळ १५० कॅलरी.

एकूण झाल्या ३१०. पण खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे: निम्म्या कॅलरी आणि दोन तृतीयांश साखर वरच्या क्रीममध्ये आहे. म्हणून ज्यांना साखर कमी करायची आहे, त्यांना आम्ही एकच सांगतो, क्रीम कमी घालायला सांगा. निम्मे क्रीम घातले तर साखर ३० ग्रॅमवरून २० वर येते आणि केकची चवही जास्त कळते. आमच्या मते कपकेक असाच खावा. फेटलेल्या ताज्या क्रीमचा छोटा गोळा हाही चांगला पर्याय आहे. त्यात स्निग्धांश असतोच, पण साखर अगदी थोडी पुरते.

आता ३० ग्रॅम साखर म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार, दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५ ग्रॅमच्या. यात मध आणि फळांचा रसही धरतात. तेव्हा भरपूर क्रीमचा एक कपकेक खाल्ला की त्या दिवशी गोड सरबत, बिस्किटे, चॉकलेट यांना फारशी जागा उरत नाही. २० ग्रॅम बटरमधून संपृक्त चरबीही सुमारे १० ग्रॅम येते. तिची दिवसाची मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास आहे. प्रथिने मात्र जेमतेम दोन ग्रॅम, आणि तंतू नावापुरते. त्यामुळे कपकेकला नाश्ता किंवा जेवणाच्या जागी धरू नका.

कधी खावा याला महत्त्व आहे. रिकाम्या पोटी खाल्ल्यास रक्तातली साखर झपाट्याने चढते. भाजी, डाळ, दही असे नीट जेवण झाल्यावर खाल्ल्यास ती सावकाश चढते. दातांचे गणित थोडे निराळे आहे. प्रत्येक वेळी गोड खाल्ले की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते ओसरायला अर्धा तास तरी लागतो. दिवसभर एकेक घास चाखत राहण्यापेक्षा एकदाच बसून, चवीने खाणे दातांच्या दृष्टीने बरे. नंतर पाण्याने चूळ भरावी.

दोन वर्षांखालील बाळांना साखर घातलेला कोणताच पदार्थ देऊ नये, वाढदिवस असला तरी. मोठ्या मुलांसाठी छोट्या आकाराचा कपकेक घ्या, पण तो चिमुकला म्हणून तीन-चार दिले तर मोठ्या एकाइतकेच होते. मधुमेह असलेल्यांनी वर प्रमाण दिलेल्या कपकेकमध्ये सुमारे ३८ ग्रॅम कर्बोदके धरावीत आणि आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या हिशेबात ती बसवावीत.

नावावरून कपकेक हलका समजू नका. गाजराच्या कपकेकमध्ये साखर आणि तेल असतेच. बिनअंड्याच्या कपकेकमध्ये बहुधा कंडेन्स्ड मिल्क असते, म्हणजे आणखी साखर. ग्लूटेनविरहित प्रकार ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी आहे; त्याने कॅलरी कमी होत नाहीत. बिनसाखरेच्या प्रकारात साखरेऐवजी घातलेले माल्टिटॉल हे गोड द्रव्य जास्त झाले तर पोट बिघडू शकते.

घरात माणसे असतील तेवढेच कपकेक मागवा. उरलेच तर क्रीम न लावलेले कपकेक हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगले राहतात. हवा तेव्हा एकच बाहेर काढता येतो. गहू, अंडी, दूध किंवा सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, कारण आमचे सगळे प्रकार एकाच ओव्हनमध्ये भाजले जातात.